मोटारसायकलीची हवेची गाळणी : तिची सफाई व निगा

हल्लीं शेतकऱ्याच्या दारीं बैलजोडी नसली तरी चालतें, परंतु मोटारसायकल नाहीं असें घर क्वचितच आढळतें. दुधाची किटली, खताची गोणी, बियाण्याची पिशवी, सर्व कांहीं तिच्यावरून जातें. आणि तिची वाट बहुधा मुरमाची व धुळीची असते. म्हणून तिच्या ज्या भागाची आपण सर्वांत अधिक उपेक्षा करितों, त्या हवेच्या गाळणीविषयीं, म्हणजे एअर फिल्टरविषयीं, आम्ही येथें चार शब्द लिहीत आहों.

इंजिन पेट्रोल किती पितें हें प्रत्येक जण मोजतो. हवा किती पितें हें फारसें कोणी मोजीत नाहीं. वजनानें एक भाग पेट्रोल जळण्यास सुमारें १४.७ भाग हवा लागते. या हिशेबानें एक लिटर पेट्रोलामागें सुमारें ९,००० लिटर हवा इंजिनांत जाते. त्या हवेबरोबर येणाऱ्या धुळींत गारेचे सूक्ष्म कण असतात. ते लोखंडाहून कठीण असल्यामुळें पिस्टनच्या कड्या व सिलिंडर यांच्यामध्यें सांपडले म्हणजे कानशीप्रमाणें काम करितात.

कारखान्यांतून गाडीबरोबर येणारी गाळणी पुष्कळदां कागदाची असते. ती धुवूं नये. आणि तिचा कागद तेलानें भिजविलेला असल्यास त्यांतून दाबाची हवाही मारूं नये. मुदत भरली कीं ती बदलावी. मागाहून विकत घेऊन बसवितात ती गाळणी विरळ विणीच्या सुती कापडाची किंवा स्पंजाची असते. सुती गाळणीकरितां प्रसिद्ध असलेली के अँड एन ही कंपनी १९६९ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील रिव्हरसाइड येथें निघाली. अशा गाळणींत तारेच्या दोन जाळ्यांमध्यें कापडाचे थर घड्या घालून बसविलेले असून त्यांस विशिष्ट तेल दिलेलें असतें. ती धुऊन पुनःपुन्हां वापरतां येते, हा तिचा मोठा गुण होय.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. खळ्यावर उफणणी करतांना आपण नाकातोंडास उपरणें गुंडाळतों. तें कोरडें असलें तर बारीक धूळ आंत जातेच. किंचित् ओलें असलें तर ती त्यास चिकटून राहते. सुती गाळणीचें कामही असेंच आहे. कापड केवळ आधार होय. धूळ धरून ठेवण्याचें काम मुख्यतः तेल करितें.

हें न जाणल्यामुळें आम्ही स्वतः फसलों. पहिल्या खेपेस आम्हीं गाळणी धुतली, वाळविली आणि तेल न देतांच बसविली. ती पांढरीशुभ्र दिसत होती, याचें समाधानही वाटलें. सारा उन्हाळा मुरमाच्या वाटेनें गाडी चालविली. पावसाळ्यांत निळसर धूर येऊं लागला व इंजिनांतील तेल कमी होऊं लागलें. इंजिन उघडलें तेव्हां सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे दिसले. चार थेंब तेलाची हयगय आम्हांस एका हंगामाच्या बियाण्याइतकी महाग पडली.

आतां सफाईची रीत सांगतों. गाळणी काढल्यावर इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचें तोंड स्वच्छ फडक्यानें झांकावें व त्या अवस्थेंत इंजिन मुळींच सुरू करूं नये. गाळणी हलकेच आपटून सुटी धूळ झाडावी. मग तिच्याकरितां मिळणारें धुण्याचें द्रव्य दोन्ही बाजूंस लावून सुमारें दहा मिनिटें थांबावें; तें अंगावर वाळूं देऊं नये. नंतर नळाच्या मंद धारेखालीं धुवावी. धार स्वच्छ बाजूनें आंतून बाहेर सोडावी, म्हणजे मळ आला त्या वाटेनेंच परत जातो. पेट्रोल, रॉकेल अगर कडक सोडा वापरूं नये. पंक्चरवाल्याच्या यंत्राची हवा मारूं नये. तिनें कापड फाटतें. चुलीजवळही वाळवूं नये. सावलींत पूर्ण वाळूं द्यावी.

वाळल्यावर प्रत्येक घडीच्या माथ्यावरून तेलाची एक बारीक रेघ ओढावी. वीस मिनिटांनीं पाहावें. जेथें पांढरा डाग राहिला असेल तेथें थोडें आणखी द्यावें. तेल अधिक झालें तर हवा कोंडते, धूर काळा होतो व तेल ओघळून आंत जातें. स्पंजाची गाळणी साबणाच्या पाण्यांत दाबून धुवावी, पिळूं नये. वाळल्यावर तिचें तेल सर्वत्र सारखें मुरवून जास्तीचें दाबून काढावें.

बसविण्यापूर्वीं गाळणी उजेडासमोर धरावी. एखादें छिद्र दिसल्यास, अथवा कांठाचें रबर चिरलें असल्यास, ती निरुपयोगी समजावी. गाळणीच्या पेटीची इंजिनाकडील बाजू पांढऱ्या फडक्यानें पुसून पाहावी. फडकें धुळीनें मळलें तर गाळणी गळते अगर नीट बसलेली नाहीं, असें निश्चित समजावें.

सफाई किती दिवसांनीं करावी, याचें उत्तर वाटेवरील धूळ देईल. मळणीच्या व ऊसतोडीच्या दिवसांत दरमहा गाळणी पाहावी. परंतु तारेची जाळी मळाखालीं दिसेनाशी होईपर्यंत धुण्याची घाई नको. धुतल्याची तारीख मात्र वहींत टिपून ठेवावी. बैलाच्या नाकांत धूळ गेली तर तो फुरफुरून सांगतो; इंजिन सांगतें तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो.