इंग्रजीतील गती, मार्ग आणि स्थित्यंतर

इंग्रजी क्रियापदास जोडून येणारी 'इन', 'आउट', 'अप', 'डाउन', 'अक्रॉस' यांसारखी चिमुकली अव्यये ही आपल्या विद्यार्थ्यांची नित्याची अडचण आहे. 'रन' म्हणजे धावणे आणि 'आउट' म्हणजे बाहेर, हे त्यास ठाऊक असते. तरी दोन्ही शब्द एकत्र आले की तो अडखळतो. यावर उपाय म्हणून वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करून घेण्याची आपली जुनी पद्धत आहे. याद्या पाठ होतात, पण भाषेची घडण ध्यानी येत नाही. आणि शब्दास शब्द ठेवून केलेल्या भाषांतरात इंग्रजी तर हाती लागत नाहीच, वर मराठीही बिघडते. म्हणून या जोडणीच्या मुळाशी असलेले तत्त्व समजून घेणे अध्यापकास अगत्याचे आहे.

'द बॉय स्वॅम अक्रॉस द रिव्हर' हे साधे वाक्य घ्या. येथे दोन गोष्टी सांगितल्या आहेत: मुलगा पैलतीरी गेला हा मार्ग, आणि पोहत गेला ही रीत. इंग्रजीने रीत क्रियापदात घातली आणि मार्ग अव्ययावर सोपविला. मराठीत आपण म्हणतो, 'मुलाने पोहून नदी ओलांडली.' येथे मार्ग मुख्य क्रियापदात आला आणि रीत 'पोहून' या धातुसाधितात गेली. म्हणजे दोन्ही भाषांनी आशय तोच ठेवून कामाची वाटणी उलट केली आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टाल्मी यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात जगातील भाषांचे वर्गीकरण याच भेदावरून केले. इंग्रजी व जर्मन एका गटात पडतात, फ्रेंच व स्पॅनिश दुसऱ्या. आपल्या शेजारच्या भाषा या बाबतीत मराठीच्याच बाजूच्या आहेत. हिंदी भाषिक 'तैरकर नदी पार की' म्हणतो. कन्नड आणि तेलुगू या दोन्ही भाषांत 'दाटु' हा ओलांडण्याचा धातूच मुख्य क्रियापद होतो. त्यामुळे बेळगाव, हैदराबाद वा इंदूर येथील मुलाच्या घरी-दारी कोणतीही भाषा असो, त्याची अडचण एकाच जातीची असते.

ही वाटणी संस्कृतज्ञ वाचकास अपरिचित वाटू नये. 'हृ' धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार ही रूपे उपसर्गांच्या बळावर होतात हे आपण बालपणीच शिकतो. वैदिक भाषेत तर उपसर्ग धातूपासून सुटा राहू शके. तो धातूच्या नंतरही येई, दोहोंच्या मध्ये अन्य पदेही येत, आणि पाणिनीने हे स्पष्ट नोंदविले आहे. पुढे लौकिक संस्कृतात उपसर्ग धातूस कायमचा चिकटला आणि प्राकृतातून मराठीत येताना धातूत पार विरघळून गेला. 'उतरणे' आणि 'उठणे' यांत 'उत्' आहे, 'बसणे' यात 'उप' आहे. परंतु आज तो कोणास दिसतो? इंग्रजीची सुटी अव्यये मात्र सुटीच राहिली. 'असेंड', 'डिसेंड' हे इंग्रजीतले शब्द लॅटिनकडून आले. त्यांतही उपसर्ग असाच मुरलेला असून त्यांचा मूळ लॅटिन धातू आपल्या 'स्कन्द्' धातूचा सगोत्र आहे. म्हणूनच असे शब्द आपल्या विद्यार्थ्यास 'गो अप', 'गो डाउन' यांहून सोपे वाटतात.

अव्यय सुटे असल्याचा लाभ असा की एका क्रियापदावर अनेक मार्ग ओवता येतात. 'ही रॅन डाउन द स्टेअर्स, अक्रॉस द यार्ड अँड इनटू द स्ट्रीट' यात क्रियापद एकच आहे. मराठीत 'तो धावत जिना उतरला आणि अंगण ओलांडून रस्त्यावर आला' अशी चार क्रियारूपे लागतात. मात्र येथे मराठीने काही अधिकही सांगितले. 'आला' की 'गेला', म्हणजे बोलणारा कोठे उभा आहे, हे ठरविल्यावाचून वाक्य पुरेच होत नाही. इंग्रजी वाक्य त्याविषयी मूक आहे.

दोन ठिकाणी विद्यार्थ्याची विशेष फसगत होते. पहिले, 'इन' आणि 'इनटू'. 'द बॉल रोल्ड इनटू द रूम' म्हणजे चेंडू गडगडत खोलीत आला. 'रोल्ड इन द रूम' म्हणजे बहुधा खोलीतल्या खोलीत गडगडला. आपला सप्तमीचा 'त' दोन्ही अर्थ वाहतो, म्हणून भेद क्रियापदाने दाखवावा लागतो. दुसरे, अव्यय नामाचे की क्रियापदाचे? 'रॅन अप द हिल' यात 'अप' टेकडीशी बांधलेला आहे. 'रॅन अप अ बिल', म्हणजे उधारी वाढविली, यात तो क्रियापदाशी बांधलेला आहे. नामाच्या जागी 'इट' घालून पाहावे: टेकडीसाठी 'रॅन अप इट', उधारीसाठी 'रॅन इट अप'. पाणिनीने उपसर्गाहून कर्मप्रवचनीय निराळे मानले, त्यातील दृष्टी काहीशी अशीच आहे.

आता स्थित्यंतराकडे वळू. अवस्था म्हणजे जणू एक स्थान आणि बदल म्हणजे त्या स्थानाकडे जाणे, अशी कल्पना इंग्रजीने सर्वत्र राबविली आहे. 'सँग द चाइल्ड टु स्लीप' यात मूल झोपेच्या गावी पोहोचविले जाते; आपण 'गाऊन मुलाला झोपविले' म्हणतो, म्हणजे वाटणी पुन्हा उलटी. 'ईट अप', 'बर्न डाउन' यांतील अव्यये दिशा सोडून पूर्णता दाखवितात. तेच काम मराठीत 'खाऊन टाकणे', 'जळून जाणे' यांतील सहायक धातू करतात. इंग्रजीत बिघाडाकडे बहुधा 'गो' नेतो आणि इष्ट स्थितीकडे 'कम' आणतो: 'गो मॅड', 'गो बॅड', पण 'कम ट्रू', 'कम अलाइव्ह'. मराठीतही 'वाया जाणे', 'लयाला जाणे' आणि 'भानावर येणे', 'नावारूपाला येणे' अशी जोडी आढळते. अपवाद दोन्हींकडे आहेत. 'डबघाईला येणे' हा आपल्याकडचा.

सर्वांत महत्त्वाचा भेद 'टर्न इनटू' याचा आहे. इंग्रजी नव्या अवस्थेस अव्यय लावते. मराठी जुन्या अवस्थेस षष्ठी लावते. पाण्याचा बर्फ होतो, दुधाचे दही होते, रावाचा रंक होतो, राईचा पर्वत होतो. तथापि अलीकडे 'पाणी बर्फात बदलले', 'दूध दह्यात रूपांतरित झाले' अशी वाक्ये पाठ्यपुस्तकांतून व वृत्तपत्रांतून सर्रास दिसतात. हा 'इनटू'चा शब्दशः अनुवाद आहे. त्यात व्याकरणाचा ढोबळ प्रमाद नाही, म्हणूनच तो खटकत नाही. परंतु दोन शब्दांत काम करणारी एक देशी रचना त्यापायी मुलांच्या कानांवरून नाहीशी होत आहे.

वर्गात उपयोगी पडावी अशी एक रीत सुचवितो. इंग्रजी वाक्य समोर आले की आधी क्रियापदाकडे न पाहता अव्ययाकडे पाहावे व त्यावरून मराठीचे मुख्य क्रियापद शोधावे: 'अक्रॉस' असेल तर ओलांडणे, 'अप' असेल तर चढणे, 'इनटू' असेल तर शिरणे. मग इंग्रजी क्रियापदास 'त' किंवा 'ऊन' लावून पुढे ठेवावे: लंगडत, रांगत, पोहून. शेवटी बोलणाऱ्याचे स्थान पाहून जरूर तेथे 'येणे' वा 'जाणे' योजावे. मराठीतून इंग्रजीत जाताना हाच क्रम उलटा करावा. रीत दाखविणारा शब्द मात्र गाळू नये. डॅन स्लोबिन यांनी इंग्रजी कादंबऱ्यांची स्पॅनिश भाषांतरे तपासली, तेव्हा नेमका हाच अंश बऱ्याच ठिकाणी गळालेला आढळला. तोच धोका मराठी अनुवादकासही आहे.

याद्यांचा त्याग करावा असे नाही. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे हे पाठच करावे लागेल. परंतु तत्त्व आधी आणि यादी नंतर हा क्रम ठेवला, तर विद्यार्थी न वाचलेले वाक्यही स्वतः उलगडू शकेल, आणि इंग्रजी शिकताना आपली मराठी कशी घडली आहे हेही त्यास उमजेल.