जुनी मॅटाडोर आणि चाकांवरचं घर : आधी काय, मग काय?



सध्या मोबाइलवर गाडीत राहून फिरणाऱ्या लोकांचे व्हिडिओ खूप दिसतात. तळ्याकाठी उभी असलेली व्हॅन, मागचं दार उघडं, आत पलंग, बाहेर स्टोव्हवर चहा. ते बघून घराघरांत विषय निघतो, "आपणही एखादी जुनी गाडी घेऊन तिचं असं घर केलं तर?" विचार चांगलाच आहे. अडचण एवढीच की बहुतेक जण पलंगापासून सुरुवात करतात आणि ब्रेकची पाळी येईपर्यंत पैसे संपलेले असतात. म्हणून आजच्या पाठात आपण कामाचा क्रम शिकणार आहोत. उदाहरणासाठी घेऊ सगळ्यांच्या ओळखीची मॅटाडोर. या एका गाडीत आपल्याला थोडा इतिहास, थोडं रसायनशास्त्र आणि बरंचसं भौतिकशास्त्र भेटणार आहे.

मॅटाडोर आली कुठून?

आपण मालवाहू छोट्या गाडीला सर्रास 'टेम्पो' म्हणतो. हे मूळचं विशेषनाम आहे! जर्मनीत हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाड्या 'टेम्पो' या नावाने विकल्या जात. त्या कंपनीच्या सहकार्याने १९५८ साली आपल्याकडे बजाज टेम्पो ही कंपनी सुरू झाली. आधी तीनचाकी टेम्पो आला, पुढे चारचाकी मॅटाडोर. ही कंपनी उभी करणारे नवलमल फिरोदिया हे नगरच्या फिरोदिया घराण्यातले. याच घराण्याच्या कायनेटिक कंपनीची लूना मोपेड नगरच्या कारखान्यात तयार व्हायची. म्हणजे विशेषनामाचं सामान्यनाम कसं होतं, याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. बजाज टेम्पोचं नाव २००५ साली फोर्स मोटर्स झालं, पण लोकांच्या तोंडचा टेम्पो टेम्पोच राहिला.

व्हॅनमध्ये संसार मांडण्याची पद्धत जर्मनीतच रुजली. १९५० साली फोक्सवॅगनची व्हॅन आली आणि १९५१ पासून वेस्टफालिया ही कंपनी तिच्यात पलंग-कपाटाची सोय करून देऊ लागली. पण आपल्याला तरी हे नवीन आहे का? आषाढी वारीत दिंडीबरोबर तंबू, भांडी, शिधा घेऊन चालणारा ट्रक आठवा. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाची बैलगाडी आठवा. एकाची यात्रा आहे, दुसऱ्याची पोटासाठीची वणवण, पण चाकांवरचं बिऱ्हाड आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत.

पहिली पायरी : कागद

आज जी मॅटाडोर विकायला मिळेल ती वीस-पंचवीस वर्षांहून जुनीच असणार. त्यामुळे बॉनेट उघडण्याआधी आरसी बुक उघडा. त्यात पुढच्या गोष्टी बघा.

१) गाडी खासगी की व्यावसायिक? बऱ्याच मॅटाडोर मालवाहू किंवा प्रवासी वाहतुकीच्या म्हणून नोंदलेल्या असतात. मालवाहू गाडीत मागे कुटुंब बसवून फिरता येत नाही. तिची नोंद आधी बदलावी लागते. ती बदलून मिळेल का आणि कर किती भरावा लागेल, हे सौदा करण्याआधी आरटीओत विचारा.

२) नोंदणीची मुदत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. मुदत संपून गेलेली गाडी स्वस्त मिळते, कारण पुढचा खर्च आणि धावपळ घेणाऱ्याच्या गळ्यात पडते.

३) चासी आणि इंजिन नंबर. चासीच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप उमटेल. तो आरसीतल्या नंबराशी एकेक अंक जुळवा. एक अंक जरी चुकला तरी व्यवहार थांबवा.

४) कर्ज, दंड, कर. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र मागा. थकलेली चलनं ऑनलाइन दिसतात. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर तिथलं ना-हरकत प्रमाणपत्रही लागतं. आपल्या जिल्ह्यात एमएच-१६ म्हणजे नगर आणि एमएच-१७ म्हणजे श्रीरामपूर, हे तर पोरांनाही पाठ असतं.

आता कायद्यातला महत्त्वाचा मुद्दा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवर लिहिलेली आणि कंपनीने ठरवून दिलेली मूळ रचना मालकाला मनाने बदलता येत नाही. टप कापून उंच करणं, सीट कायमच्या काढणं, पत्रा कापून खिडक्या पाडणं हे सगळं यात येऊ शकतं. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार मात्र नियमांना ठाऊक आहे. अशा गाड्यांसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. वाहनांचे नमुने तपासून प्रमाणित करणाऱ्या सरकारमान्य संस्थांमध्ये आपल्या नगरची व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची प्रयोगशाळाही आहे. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरावान पर्यटनाचं धोरणही आणलं. तेव्हा घरगुती पातळीवर शहाणपणाचा मार्ग असा : आतलं सामान सुटं, काढता-घालता येईल असं ठेवा आणि गाडीच्या सांगाड्याला हात लावायचा असेल तर आधी आरटीओची लेखी परवानगी घ्या. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच कागद मागते.

दुसरी पायरी : पत्रा

इंजिन बिघडलं तर उतरवून बांधता येतं. सांगाडाच सडला असेल तर बाकी सगळा खर्च वाया जातो. म्हणून इंजिनाच्या आधी गंज शोधा.

गंज म्हणजे काय? लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की लोखंडाचा ऑक्साइड तयार होतो. मीठ असेल तर हीच क्रिया झपाट्याने होते. म्हणून कोकणपट्टीत वापरलेली गाडी आणि पर्जन्यछायेतल्या पाथर्डी-कर्जतकडची गाडी यांचं वय कागदावर सारखं असलं, तरी पत्र्याचं वय वेगळं असतं. आपल्याच जिल्ह्यात अकोल्याच्या पश्चिमेकडची गाडी मात्र भरपूर पाऊस खाल्लेली असते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळेच रंगाखाली फुगवटे येतात.

तपासायचं कसं? साधा लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. दारांचा खालचा भाग, चाकांवरचा पत्रा, पायदान, बॅटरीखालची जागा आणि पाट्यांचे खुंट जिथे चासीला जोडलेले असतात ती जागा, या पाच ठिकाणी पेचकस टोचून बघा. पेचकस आत गेला तर तिथला पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागेल. नुसता रंग मारून गंज थांबत नाही, झाकला जातो. खरवडून स्वच्छ धातू लागेपर्यंत घासायचं, मग रेड ऑक्साइड, मग रंग, हाच क्रम.

तिसरी पायरी : इंजिन

गाडी बघायला सकाळी जा आणि इंजिन आधीच गरम करून ठेवू नका असं मालकाला सांगा. थंड इंजिन खरं बोलतं. सुरू झाल्यावर धूर बघा. सतत निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, एअर फिल्टर तुंबलेला किंवा पंप-नोझल बिघडलेले. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत शिरतंय. ऑइल भरण्याचं झाकण काढल्यावर जोराने वाफ येत असेल तर मिस्त्री म्हणतात, "इंजिन बॅक मारतंय." म्हणजे रिंग-पिस्टन झिजलेत.

जेवढ्याला गाडी घ्याल, जवळपास तेवढेच पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. ते नसतील तर गाडी घेण्याची घाई करू नका.

चौथी पायरी : थांबणं

हा आजच्या पाठाचा गाभा. एक गणित करू. सामानासह गाडीचं वस्तुमान २५०० किलो धरा. घाट उतरताना ती ४०० मीटर खाली आली, तर तिने गमावलेली स्थितिज ऊर्जा किती?

२५०० × ९.८ × ४०० = ९८,००,००० जूल.

वेग वाढू द्यायचा नसेल तर ही ऊर्जा कुठेतरी जायला हवी. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर बहुतेक सगळी उष्णता होऊन ड्रममध्ये जाते. एवढ्या उष्णतेत २५ अंशांचं सुमारे ३० लिटर पाणी उकळीला येईल! गरम ड्रम फुगतो, लायनरची पकड कमी होते आणि पायाखालचा ब्रेक मऊ लागायला लागतो. दुसरा धोका ब्रेक ऑइलचा. हे तेल हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट-३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषलेल्या तेलासाठी मानकात १४० अंशांची किमान मर्यादा आहे. तेल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात, ब्रेक लागत नाही.

म्हणून गाडी ताब्यात आली की पहिला खर्च हा : लायनर, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचं किट, नळ्या, नवं ब्रेक ऑइल, हँडब्रेकची केबल आणि टायर. टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. मग इंजिनही गाडी धरून ठेवतं, ब्रेकवरचा भार हलका होतो.

पाचवी पायरी : राहणं

आता पलंगाची पाळी! इथेही आधी वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे ६० लिटरची टाकी म्हणजे एक माणूस. जड वस्तू खाली आणि दोन्ही चाकांच्या जोड्यांच्या मधोमध ठेवा. टपावर जड कॅरिअर लादलं की गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. पलंग झोपण्यासाठी, गाडी चालू असताना सगळ्यांनी सीटवरच बसायचं.

विजेचा हिशोब सोपा आहे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे १२०० वॅट-अवर. शिशाच्या बॅटरीतले निम्मेच वापरावेत, म्हणजे ६००. पाच वॅटचे दोन दिवे चार तास : ४०. वीस वॅटचा पंखा आठ तास : १६०. चार मोबाइल : साधारण ६०. एका रात्रीचे झाले २६०. म्हणजे दोन रात्री आरामात निघतात. ही बॅटरी गाडीच्या बॅटरीपासून वेगळी ठेवा आणि प्रत्येक वायरीला फ्यूज घाला.

सगळ्यात महत्त्वाचं, गॅस आणि धूर. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साचतो. म्हणून स्वयंपाक गाडीबाहेर करा, सिलिंडर आत ठेवून झोपू नका. इंजिन चालू ठेवून किंवा शेगडी आत पेटवून तर कधीच झोपू नका. त्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. मॅटाडोरचं इंजिन चालकाच्या शेजारीच झाकणाखाली असतं. त्यामुळे त्या झाकणाचं रबर आणि सायलेन्सरची गळती दोन्ही तपासा. दोन समोरासमोरच्या खिडक्या रात्री बोटभर उघड्या ठेवा.

पहिला प्रवास कुठे?

नवीन बांधलेल्या गाडीची परीक्षा टप्प्याटप्प्याने घ्या. पहिल्या दिवशी शहरातच : भुईकोट किल्ला आणि रणगाड्यांचं संग्रहालय. जुनं यंत्र जपायचं म्हणजे काय, हे बघायला या संग्रहालयासारखी जागा नाही. दुसऱ्यांदा शनिशिंगणापूर आणि नेवासा, रस्ता सपाट आहे. तिसऱ्यांदा करंजी घाट उतरून पाथर्डीकडे. प्रत्येक थांब्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, स्पर्श करू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय. गाडीखाली वाकून तेलाचे थेंब बघा.

या तीन परीक्षा पास झाल्या की मग संगमनेर, अकोले, राजूरमार्गे भंडारदरा. १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, वाटेतला रंधा धबधबा, पलीकडे १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई शिखर. मुक्कामासाठी गावकऱ्यांना विचारून सपाट, वर कडा नसलेली जागा निवडा. चाकांना दगडाची उटी लावा. कचरा परत आणा.

करून पाहा

१) तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या वाहनाच्या टायरवरचे चार आकडे वाचून टायरचं वय काढा.
२) वरच्या गणितात ३०० किलो सामान वाढवलं तर किती जूल वाढतील?
३) तुमच्या कुटुंबाच्या दोन रात्रींच्या प्रवासासाठी विजेचा तक्ता तयार करा.
४) 'टेम्पो'सारखी, विशेषनामांची सामान्यनामं झालेली आणखी पाच उदाहरणं लिहा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की ते घरच्या चालकाला जरूर दाखवा. घाटाआधी कोणतं सामान उतरवायचं, हे मग सगळे मिळून ठरवा.