ग्रंथकाराची भेट आणि शाळेतील वाचन

प्राथमिक शाळेतील मुलास धड्याखाली छापलेले लेखकाचे नाव हा बहुधा पाठ करण्याचा मजकूर वाटतो. जन्म अमुक साली, मृत्यू तमुक साली, ग्रंथ अमुक अमुक, एवढे लिहिले की गुण मिळतात. ते नाव धारण करणारा मनुष्यही कधी उपाशी झोपला असेल, त्यानेही शाळेची फी भरली नसेल, त्याचीही चार वाक्ये खोडली गेली असतील, ही गोष्ट मुलाच्या मनात येत नाही. त्यामुळे पुस्तके लिहिणे हे कोण्या दूरच्या शहरातील सुशिक्षित घराण्यांचे काम असून आपल्या घराशी त्याचा संबंध नाही, असा त्याचा ग्रह होतो. हा ग्रह एकदा पक्का झाला की वाचन हे परीक्षेपुरते उरते. तो मोडण्यास लेखकाची प्रत्यक्ष भेट हे एक समर्थ साधन आहे. मात्र ती भेट कशी घडावी, याचा शिक्षकांनी आधी विचार केला पाहिजे.

संमेलने आणि त्यांच्या बाहेरचे लोक

महाराष्ट्रात लेखकांनी एकत्र येण्याची प्रथा जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यास पहिली ग्रंथकारसभा भरली. दुसरी सभा १८८५ साली भरली, तेव्हा तिचे निमंत्रण महात्मा फुले यांनी नाकारले. त्यांनी त्या वेळी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. शेतात राबणाऱ्या शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचार ज्या सभेत नाही, तीत आपले ग्रंथ मिसळणार नाहीत, असा त्याचा आशय होता. श्रम करणाऱ्या माणसाला ग्रंथकाराजवळ जागा आहे काय, हा प्रश्न तेव्हापासून मराठी साहित्यात उभा आहे. खेड्यातील शाळेपुरता तो आजही सुटलेला नाही.

परदेशातही हा प्रश्न जाणत्या लेखकांना सुचला होता. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी १८५३ सालच्या डिसेंबरात बर्मिंगहॅम येथे आपल्या नाताळकथेचे जाहीर वाचन केले. त्यांतील एक वाचन कामगारांसाठी राखून ठेवावे व त्याचे दर त्यांना परवडतील असे असावेत, असा आग्रह त्यांनी स्वतः धरला होता.

चिंचपोकळीच्या आसपास

मुंबईत या प्रश्नाचे उत्तर गिरणगावाने आपल्या पद्धतीने दिले. मध्य रेल्वेवर भायखळा आणि करी रोड यांच्या दरम्यान चिंचपोकळी हे स्थानक आहे. या स्थानकाच्या भोवती लालबाग, परळ, भायखळा या भागांत कापडगिरण्या आणि कामगारांच्या चाळी दाटीने उभ्या होत्या. कोकणातून, साताऱ्याकडून आणि देशावरून आलेली माणसे एकेका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा राहत व पाळीप्रमाणे झोपत. अशा ठिकाणी पुस्तकाला जागा कोठून असणार? तरीही वाचनाची भूक होती. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रीच्या शाळा, मोफत वाचनालये व फिरती ग्रंथालये चालविली. १९२२ साली परळला दामोदर नाट्यगृह उभे राहिले. चिंचपोकळीचा सार्वजनिक गणेशोत्सव १९२० सालापासून चालत आलेला आहे. व्याख्यान, मेळा व पोवाडा यांस अशा उत्सवांच्या मंडपांत पिढ्यान्‌पिढ्या स्थान मिळत आले.

या वस्तीत लेखकाची भेट सभागृहातील राखीव खुर्चीवरून होत नसे. ती मैदानात, चाळीच्या चौकात, गिरणीच्या दारात होई. अण्णा भाऊ साठे, अमर शेख व दत्ता गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले आणि कामगारांच्या समोर उभे राहून त्यांच्याच आयुष्याची गाणी व लोकनाट्ये सादर केली. अण्णा भाऊ हे वाटेगावचे. त्यांचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नाही. वडिलांबरोबर पायी चालत ते मुंबईस आले व काही काळ गिरणीत राबले. शहरातील पाट्या व फलक पाहत त्यांनी अक्षरओळख वाढविली. त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली व तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याआधीच, १९५८ साली दादर येथे भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्‌घाटन त्यांच्या हस्ते झाले होते. ज्या वर्गाला सभेत जागा नाही म्हणून फुल्यांनी निमंत्रण नाकारले, त्याच वर्गातील एक मनुष्य त्र्याहत्तर वर्षांनी संमेलनाचे उद्‌घाटन करीत होता.

शिपाई, शिक्षक आणि कवी

शिक्षकांना अधिक जवळचे वाटावे असे दुसरे उदाहरण नारायण सुर्वे यांचे आहे. १९२६ साली जन्मलेले हे मूल मुंबईच्या रस्त्यावर टाकून दिलेले होते. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने त्यास उचलून घरी आणले, आपले नाव दिले व शाळेत घातले. गंगाराम सुर्वे काम सोडून कोकणात परतले, तेव्हा हा मुलगा मुंबईत एकटा उरला. घरगडी, हॉटेलातील पोऱ्या, गिरणीतील कामगार अशी मिळतील ती कामे करून त्याने दिवस काढले. पुढे महापालिकेच्या शाळेत तो शिपाई म्हणून लागला. शाळेची घंटा वाजविणाऱ्या या शिपायाने व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा दिली आणि तो महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाला. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह १९६२ साली व ‘माझे विद्यापीठ’ हा दुसरा १९६६ साली निघाला. १९९५ साली परभणीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

सुर्वे आपली कविता घेऊन कामगारवस्त्यांत, शाळांत व गावोगावी गेले. श्रोत्यांसमोर ते कविता वाचीत, तेव्हा ऐकणाऱ्यास ओळखीचा माणूस बोलतो आहे असे वाटे. कृष्णाबाई सुर्वे यांनी पुढे ‘मास्तरांची सावली’ हे आत्मकथन लिहिले. या मास्तरांचा संसार किती तुटपुंज्या मिळकतीवर चालला, हे त्यात आले आहे. कवी हाही बिऱ्हाड बदलणारा, उसनवारी करणारा, पगाराच्या तारखेकडे डोळे लावून बसणारा मनुष्य असतो, हे मुलांना समजणे म्हणजेच ग्रंथकाराची खरी भेट होय.

स्वाक्षरीचे मोल

अलीकडे ग्रंथप्रदर्शनांत व साहित्यसंमेलनांत लेखकाची स्वाक्षरी घेण्यासाठी रांगा लागतात. पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर लेखक वाचकाचे नाव लिहितो, खाली सही व तारीख घालतो. यात गैर काही नाही. छापील प्रती हजारो असतात, परंतु सहीने ती एक प्रत त्या वाचकाची होते. मात्र पुस्तक न वाचता घेतलेली सही ही केवळ शाईची रेघ असते. शिक्षकांनी मुलांस असा दंडक घालून द्यावा की, ज्याचे लेखन वाचले त्याचीच सही मागावी, आणि सही मागताना त्या लेखनातील आवडलेली एक गोष्ट सांगावी. ‘तुमची कथा आवडली’ यापेक्षा ‘म्हातारीने कोंबडी विकली नाही, ते मला आवडले’ असे म्हणणारे मूल लेखकाला अधिक काळ आठवते. मुलालाही आपण वाचक आहोत हे तेव्हाच कळते.

भेटीची तयारी

प्रत्येक तालुक्यात कोणी ना कोणी लिहिणारे असतातच. पुस्तके प्रसिद्ध झालेला एखादा कथाकार, कवी, शाहीर अथवा लेखन करणारा शिक्षक शोधावा. मोठ्या नावाचा हव्यास धरू नये. वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबरला येतो. योगायोगाने नारायण सुर्वे यांची नोंदलेली जन्मतारीखही तीच आहे. मराठी भाषा गौरव दिन २७ फेब्रुवारीस, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी असतो. यांपैकी एखादा दिवस सोयीचा ठरेल.

पाहुणे येण्यापूर्वी निदान पंधरा दिवस त्यांचे एखादे लेखन वर्गात मोठ्याने वाचून दाखवावे. एकच प्रत असली तर ती रोज एका मुलाने वाचावी. नंतर प्रत्येक मुलाने एक प्रश्न लिहून आणावा. ‘आपणास लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली’ हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो व त्याचे उत्तरही ठरलेले असते. त्याऐवजी ‘ही गोष्ट लिहिताना काय खोडले’, ‘यातील नदी खरी आहे काय’, ‘घरच्यांनी वाचून काय म्हटले’ असे प्रश्न मुलांना सुचू द्यावेत. शिक्षकांनी प्रश्न लिहून देऊ नयेत. अशुद्ध असला तरी मुलाचा स्वतःचा प्रश्न राहू द्यावा.

प्रत्यक्ष कार्यक्रमात स्वागत, परिचय व हारतुरे यांत दहा मिनिटांहून अधिक वेळ जाऊ नये. लेखकास व्यासपीठावर न बसविता मुलांच्या मधोमध बसवावे. त्यांनी एखादे लेखन वाचून दाखवावे आणि शक्य असल्यास हस्तलिखिताचे एखादे खाडाखोड केलेले पान मुलांस दाखवावे. खोडलेले पान पाहून मुलांना जेवढा धीर येतो, तेवढा उपदेशाने येत नाही. मागच्या रांगेतील मुली व अबोल मुले यांचे प्रश्न आधी घ्यावेत. कार्यक्रमानंतर दुसऱ्याच दिवशी मुलांनी लेखकास आपल्या हाताने पत्र लिहावे.

लेखक येऊ शकत नसल्यास

काही लेखकांना गर्दी मानवत नाही. जी. ए. कुलकर्णी हे धारवाडला राहत आणि समारंभांपासून कटाक्षाने दूर राहत. पण त्यांनी आपल्या स्नेह्यांना विपुल पत्रे लिहिली व त्यांच्या निधनानंतर त्या पत्रांचे संग्रह निघाले. तेव्हा पत्र हीदेखील भेटच समजावी. उत्तर आले नाही तरी पत्र लिहिण्याचा अभ्यास वाया जात नाही.

दिवंगत लेखकाची भेट त्याला ऐकलेल्या माणसाकडून घडते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. त्यांपैकी असंख्य जण पुन्हा कामावर गेले नाहीत. अनेकांनी गावची वाट धरली. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जागी उंच इमारती आल्या. चिंचपोकळी स्थानकाच्या पश्चिमेकडील आर्थर रोडला आज साने गुरुजी मार्ग म्हणतात, म्हणजे शिक्षक असलेल्या एका लेखकाचे नाव रस्त्याला राहिले आहे. परंतु गिरणगावात शाहिरांना व कवींना समोर बसून ऐकणारी माणसे आता पाट्यांवर सापडणार नाहीत. ती कोकणातील, साताऱ्याकडील व सांगलीकडील खेड्यांत, कदाचित शाळेच्या पलीकडच्याच ओसरीवर, सत्तरी-ऐंशी ओलांडून बसलेली आहेत. अशा एखाद्या आजोबांस शाळेत बोलवावे आणि त्यांनी काय ऐकले ते मुलांनी वहीत उतरवून घ्यावे. हे काम फार दिवस पुढे ढकलता येण्यासारखे नाही.

आणि ज्याला कोणी लेखक म्हणत नाही, असा ग्रंथकार घरातही असू शकतो. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात व जात्यावर त्यांनी रचलेली गाणी घरच्यांनी टिपून ठेवली. १९५१ साली त्या निवर्तल्या. त्यांची गाणी आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली व १९५२ साली पुस्तकरूपाने आली. त्यांची स्वाक्षरी घेण्यास कोणी गेले नाही. गेले असते तरी त्यांना सही करता आली नसती. घरातील एका मुलाने कागद-पेन्सिल घेतली म्हणून ती गाणी राहिली. आज ज्या मुलाच्या घरी आजी ओव्या म्हणते, त्याच्या हाती शिक्षकांनी वही द्यावी आणि त्या ओव्यांखाली आजीचे पूर्ण नाव लिहावयास सांगावे.