टॅबची एक मोकळी जागा

चूक सापडली, दुरुस्त केली, प्रोग्राम पुन्हा चालवला, तरी चूक तशीच. निम्मा दिवस गेल्यावर कळतं, की बदललेली फाइल कंपाइल करायचीच राहिली होती. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ अशीच वाया गेली. ते चिडून सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे आले. फेल्डमन आदल्याच संध्याकाळी अशाच घोळात अडकले होते. त्या शनिवार-रविवारी त्यांनी ‘मेक’ हे टूल लिहायला घेतलं.

आमटीत मीठ कमी पडलं म्हणून कोणी डाळ पुन्हा शिजायला लावत नाही. मेकचं तर्कशास्त्र तेच. ‘मेकफाइल’मध्ये आपण लिहायचं: काय बनवायचं, ते कशाकशावर अवलंबून आहे आणि कोणत्या कमांडने बनतं. मग मेक प्रत्येक फाइल शेवटची कधी बदलली ते ताडून पाहतं. तयार माल नसेलच किंवा कच्चा माल त्याच्यापेक्षा नवा असेल, तरच कमांड चालते. हजारातली एक फाइल बदलली, तर तिच्यावर अवलंबून असलेलं तेवढंच पुन्हा बनतं.

यात एक खोच आहे. कमांडची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. तिथे आठ स्पेस दिल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून अडून बसतं. फेल्डमन यांना हे पुढे बदलता आलं असतं. पण काही आठवड्यांतच डझनभर लोक मेक वापरू लागले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांच्या फाइली मोडायला फेल्डमन तयार नव्हते. मला या निर्णयात मोठी माणुसकी दिसते. तो टॅब आजही आहे. लिनक्स कर्नलसुद्धा मेकनेच बांधलं जातं.

माझ्या पहिल्या नोकरीत मेकफाइल नव्हती; बिल्डचा, म्हणजे प्रोग्राम बांधायचा, क्रम एकाच सीनियरला पाठ होता. ते लग्नासाठी गावी गेले आणि आमचं काम दोन दिवस ठप्प. फोन लागला की ते सांगायचे, ‘आधी लायब्ररी, मग पार्सर,’ आणि रेंज जायची. ते परतल्यावर आम्ही त्यांच्याशेजारी बसून सगळं मेकफाइलमध्ये उतरवून घेतलं. जेमतेम चाळीस ओळी झाल्या. तीच मेकफाइल, फाइलींची नावं तेवढी बदलून, मी पुढच्या तीन प्रोजेक्टमध्ये वापरली.