अर्जाखालची सही

एखाद्या बड्या असामीवरचा खटला सरकारने मागे घेतला, की आपल्या वर्तमानपत्रांत दोन-तीन दिवस वॉटरगेट अवतरते. २० ऑक्टोबर १९७३ची ती शनिवारची रात्र, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा हुकूम न मानता राजीनामा देणारे ॲटर्नी जनरल रिचर्डसन, त्यांच्यामागोमाग त्यांचे दुय्यम रकल्सहाऊस, आणि अखेर विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांना घरी पाठवणारे बोर्क. ही मंडळी आमच्या अग्रलेखांत इतक्यांदा येऊन गेली आहेत, की त्यांना इथले रेशनकार्ड द्यायला हरकत नाही. मग ठरलेला प्रश्न: आपल्याकडे असा बाणेदार अभियोक्ता कधी होणार? त्या प्रकरणातून १९७८ साली जन्मलेला स्वतंत्र अभियोक्त्याचा कायदा १९९९मध्ये मुदत संपल्यावर अमेरिकेने पुन्हा जिवंत केला नाही, हे अग्रलेखांतले विद्वान सांगत नाहीत. आपल्या कायद्यात असा अभियोक्ता आधीपासून आहे, हेही सांगत नाहीत. तो तालुक्याच्या न्यायालयात बगलेत फायलींचा गठ्ठा धरून उभा असतो. मी उभी नोकरी सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून काढली, तेव्हा माझा पक्षपात वाचकांनी गृहीतच धरावा.

कायदा थोडक्यात. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४९४, १९७३च्या संहितेत ३२१, आणि १ जुलै २०२४पासून नागरिक सुरक्षा संहितेत ३६०. आकडे बदलले, गाभा तोच: खटला मागे घेण्याचा अर्ज करायचा सरकारी अभियोक्त्याने आणि संमती द्यायची न्यायालयाने. मंत्रिमंडळ ठराव करील, गृह विभाग पत्र धाडील, पण अर्जाखाली सही लागते ती आमची. १९५७च्या राम नरेश पांडे निकालापासून यावर पुष्कळ शाई सांडली. त्यातली निम्मी एकमेकांची उजळणी आहे, तिकडे मी वळत नाही. १९७७मध्ये बलवंत सिंग प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वच्छ सांगितले, की हा निर्णय अभियोक्त्याचा, वरिष्ठांचा नव्हे. १९९४मध्ये आपल्याच वसईच्या हितेंद्र ठाकूर प्रकरणात ‘टाडा’ या दहशतवादविरोधी कायद्याखालची कोठडी वाढवून मागण्याबद्दल न्यायालय म्हणाले, की अभियोक्ता म्हणजे तपास यंत्रणेची टपाल कचेरी नाही, त्याने स्वतःचे डोके चालवायचे असते. शब्द सोन्यासारखे आहेत. पण डोके चालवणाऱ्याचा पगार, बदली आणि गोपनीय अहवाल कोणाच्या हातात असतो, हा माझा आयुष्यभराचा प्रश्न आहे.

या इतिहासातले माझ्या लेखी सर्वांत मोलाचे पान पाटण्याचे आहे आणि त्यावर एका मराठी माणसाची मोहोर आहे. पाटणा अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेतील गैरव्यवहाराच्या खटल्यात १९७९ साली जगन्नाथ मिश्र यांच्यावर दोषारोपपत्र गेले. १९८०मध्ये ते पुन्हा बिहारचे मुख्यमंत्री झाले. १९८१मध्ये आधीच्या वकिलांना बाजूला सारून नेमलेल्या नव्या अभियोक्त्याने खटला मागे घेण्याचा अर्ज दिला आणि तो मंजूर झाला. म्हणजे आरोपी ज्या सरकारचा प्रमुख, त्याच सरकारच्या वकिलाला खटल्यात दम नसल्याचा साक्षात्कार झाला! शिवनंदन पासवान नावाचे आमदार याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८२मध्ये दोन विरुद्ध एक असा निकाल लागला. दोघांनी माघार मान्य केली. एकटे न्यायमूर्ती वि. द. तुळजापूरकर आडवे आले. कागद एकेक उलटून त्यांनी दाखवले, की पुरावा कमी नाही आणि अर्जामागचा हेतू सरळ नाही. बहुमतातले बहारूल इस्लाम यांनी त्यानंतर महिन्याभरात न्यायासन सोडले आणि काँग्रेसच्या उमेदवारीकडे वाटचाल केली. यावर मी काही बोलत नाही. वाचक सुज्ञ आहेत. पुनर्विचारात पाच न्यायमूर्ती बसले, तेव्हा डिसेंबर १९८६मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी पुन्हा तेच झाले. सरन्यायाधीश भगवती आणि न्यायमूर्ती ओझा अल्पमतात राहिले. अभियोक्त्याने सद्भावाने विचार केला की नाही एवढेच न्यायालयाने पाहावे, पुरावा पुन्हा तोलू नये, हा दंडक पक्का झाला.

आमच्यातले काही ज्येष्ठ या निकालाला संयमाचा नमुना म्हणतात. त्यांच्याशी परिषदांतून आणि चहाच्या टेबलावर मी अनेकदा भांडलो आहे. सद्भाव तपासायचा, पण त्याची कसोटी ज्या पुराव्यावर होते तो बाजूला ठेवायचा, हे कसे काय? तुळजापूरकरांचे मत नव्या पोरांना कोणी वाचायला देत नाही. अल्पमत परीक्षेत येत नाही ना!

संयमापलीकडे न्यायालय गेलेच नाही असे मात्र नाही. ३० जुलै २००० रोजी चंदनतस्कर वीरप्पनने कन्नड अभिनेते राजकुमार यांना पळवले. त्याच्या मागण्यांत ‘टाडा’खाली म्हैसूरच्या तुरुंगात पडलेल्या त्याच्या साथीदारांची सुटका होती. कर्नाटक सरकारने मान तुकवली, अभियोक्त्याने अर्ज केला, विशेष न्यायालयाने संमती दिली. वीरप्पनच्या टोळीने मारलेल्या एका पोलीस उपनिरीक्षकाचे वडील, अब्दुल करीम, सर्वोच्च न्यायालयात गेले. एकीकडे साऱ्या राज्याचा लाडका नट रानात आणि दंगलीची धास्ती, दुसरीकडे मुलगा गमावलेला एकटा बाप. ७ नोव्हेंबरला न्यायमूर्ती भरुचा यांच्या पीठाने ती संमती रद्द केली. अभियोक्त्याने स्वतःहून काही तपासल्याचे त्यांना दिसले नाही. राजकुमार १०८ दिवसांनी, त्याच महिन्याच्या १५ तारखेला, सुटून आले. निकालाच्या दिवशी ते अजून रानातच होते, हे लक्षात घेऊन तो वाचला तर त्याचे वजन कळते.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या गाऱ्हाण्याकडे येतो. १९७३च्या संहितेने दंडाधिकारी न्यायालयांतल्या सहायक अभियोक्त्यांना वेगळे स्थान दिले आणि पोलीस अधिकाऱ्याला त्या पदासाठी अपात्र ठरवले. सेटलवाड यांच्या विधी आयोगाने अभियोग पोलिसांपासून तोडा, असे १९५८मध्येच सांगून ठेवले होते. महाराष्ट्राने काय केले? १ एप्रिल १९७४ला संहिता लागू झाली, त्याच दिवशी अधिसूचना काढून पोलीस प्रॉसिक्युटरांनाच सहायक अभियोक्ता ठरवले आणि पोलीस खात्यातच ठेवले. पाटी बदलली, साहेब तेच. कोर्टात लोक आम्हाला शेवटपर्यंत ‘पोलीस प्रॉसिक्युटर’च म्हणत, आणि ते काही खोटे नव्हते.

त्या दिवसांतला एक दारूबंदीचा खटला सांगतो. मुद्देमालाची बाटली टेबलावर आली. लाखेचे सील शाबूत, पण लेबलावरच्या पंचांच्या सह्यांखाली पंचनाम्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख. पंचही ठरलेलेच, ठाण्यासमोरच्या टपरीवरचे. मी फौजदारांना म्हटले, “राव, हे कसं टिकायचं?” ते म्हणाले, “वकीलसाहेब, तुम्ही आपले की आरोपीचे?” त्या वर्षी माझ्या गोपनीय अहवालात ‘तपास यंत्रणेशी सहकार्य कमी’ असा शेरा आला. शेरा लिहिणारे पोलीस अधिकारीच होते.

म्हणून १९९५चा शहाणे निकाल आमच्यासाठी सणासारखा होता. शहाणे आणि इतर सहायक अभियोक्ते हे गाऱ्हाणे घेऊन दिल्लीपर्यंत गेले. सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला बजावले, की यांना पोलिसांच्या प्रशासकीय आणि शिस्तीच्या ताब्यातून काढा, स्वतंत्र संवर्ग करा, आणि त्याचा प्रमुख थेट सरकारला जबाबदार ठेवा. ज्या दिवशी रजेचा अर्ज पोलीस मुख्यालयाऐवजी आमच्याच खात्याकडे गेला, त्या दिवशी बाररूममध्ये पेढे वाटले. वर्तमानपत्रांना मात्र ही बातमी पचली नाही. तीत मंत्री नव्हता, घोटाळा नव्हता. होती ती चोरी, मारामारी, अपघात यांच्या रोजच्या खटल्यांतली लाखभर माणसे.

वरच्या मजल्यावरच्या नेमणुकांचे सांगायला नको. सत्र न्यायालयातल्या अभियोक्त्याची नेमणूक सरकार करते आणि सरकार बदलले की पुष्कळदा माणूस बदलतो. १९९०मध्ये उत्तर प्रदेशाने एका परिपत्रकासरशी साऱ्या जिल्ह्यांचे सरकारी वकील काढले, तेव्हा श्रीलेखा विद्यार्थी निकालात न्यायालयाने तो मनमानीपणा मोडला. रीत त्यामुळे थांबली असे नाही; परिपत्रकाची भाषा तेवढी सुधारली.

आणि मागे घेण्याचे अर्ज? आमच्याकडे राजकीय आणि सामाजिक आंदोलनांचे गुन्हे मागे घेण्याचा शासन निर्णय दर काही वर्षांनी निघतो, निवडणूक जवळ आली की हटकून. जीवितहानी नसावी, पाच लाखांवर नुकसान नसावे, अशा अटी असतात. समिती याद्या करते. मग आमच्या टेबलावर छापील अर्ज येतो: ठाणे, गुन्हा क्रमांक, आरोपींची नावे यांच्या जागा रिकाम्या, ‘सार्वजनिक हितास्तव’ मात्र आधीच टंकलेले. एका रास्ता रोकोत दगड लागून एसटीच्या कंडक्टरचा डोळा गेला होता. जीव गेला नव्हता, म्हणून खटला यादीत बसला. मी सही केली नाही. पुढच्या महिन्यात ते न्यायालय दुसऱ्या सहकाऱ्याकडे गेले, आणि अर्ज मंजूर झाला. दंडाधिकाऱ्यांनी त्याला विचारले, “तुमचं स्वतःचं मत काय?” तो म्हणाला, “अर्जात आहे, सर.”

आजचे अभियोक्ते आमच्यापेक्षा हुशार आहेत, पण असा प्रश्न आता न्यायासनावरून फारसा ऐकू येत नाही. आणि बाणेदारपणाची वाट पाहणाऱ्यांना मी विचारतो, मालेगावच्या २००८च्या बॉम्बस्फोटाच्या खटल्यातल्या विशेष अभियोक्त्या रोहिणी सालियन यांनी जून २०१५मध्ये ‘मवाळ व्हा’ असा निरोप तपास यंत्रणेकडून आल्याचे उघड सांगितले, तेव्हा तुम्ही काय केलेत? यंत्रणेने इन्कार केला आणि चर्चा तिथेच संपली.

ऑगस्ट २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासदार-आमदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीखेरीज मागे घेता येणार नाहीत, असा आदेश दिला. चांगले झाले, पण दगड मारणारा सहसा आमदार नसतो. २००५च्या दुरुस्तीने अभियोग संचालनालय संहितेत आले, तेव्हा संचालकाच्या नेमणुकीला मुख्य न्यायमूर्तींची सहमती लागे. नव्या संहितेने ती अट गाळली आणि गृह विभागाचा प्रशासकीय ताबा जागच्या जागी ठेवला. यावर दिल्लीत किंवा मुंबईत कोणी मोर्चा काढल्याचे मला आठवत नाही.

उलट कलम ३६०मध्ये एक चांगली भर पडली: पीडिताला ऐकून घेतल्याशिवाय न्यायालयाने माघारीची परवानगी द्यायची नाही. परवा एका तरुण अभियोक्त्याने मला विचारले, “सर, एसटीची काच फुटली असेल तर पीडित कोण?” मी म्हटले, “महामंडळ.” तो म्हणाला, “म्हणजे सरकारच की!” कंडक्टरच्या डोळ्याचे काय, ते मी त्याला विचारले. “त्याला नोटीस निघेल,” तो म्हणाला, “पण बजावणार पोलीसच.”