बस नव्हे, बैस!

आमच्या बाजीला डॉग शोमध्ये कप मिळाला, त्या दिवशी माझ्या मुलानं तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत पेढे वाटले. पेढे सगळ्यांनी घेतले, कौतुकही केलं. आणि पुढच्याच आठवड्यात सोसायटीचं पत्र आलं : 'आपला कुत्रा जिन्यात लोकांच्या अंगावर जातो. योग्य तो बंदोबस्त करावा.'

बाजी कारवानी जातीचा आहे. लांब पाय, चिंचोळं तोंड, आत ओढलेलं पोट. लातूरकडची, एकूणच मराठवाड्याची ही जात. कर्नाटकात मुधोळच्या घोरपडे राजांनी याच कुळातली कुत्री जोपासली, म्हणून तिकडे त्यांना मुधोळ म्हणतात. टपाल खात्यानं २००५ मध्ये मुधोळचं तिकीटही काढलं होतं. माळरानावर सशामागे धावायला तयार झालेलं हे जनावर आमच्या कळव्याच्या दोन खोल्यांत कसं आलं, तो मुलाचा हट्ट. त्याविषयी नंतर कधीतरी.

पत्र हातात आल्यावर मी आधी काय केलं, तर कायदा शोधला. समाजकार्याची सवय! भारतीय पशु कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक सापडलं. सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मी त्याची झेरॉक्स काढून मीटिंगला न्यायची तयारी केली.

ती झेरॉक्स टेबलावर होती तेव्हाच आमच्या मावशी म्हणाल्या, "ताई, कागद ऱ्हाऊ द्या. त्याला बांधा, न्हाईतर मी काम सोडते."

मावशी नऊ वर्षं आमच्याकडे येतात. मूळच्या बीडकडच्या, आता कळवा पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी राहतात. बाजी आल्यापासून त्या दाराबाहेरून हाक मारत, आम्ही त्याला आतल्या खोलीत कोंडत असू आणि मगच त्या आत येत. मला वाटायचं, असेल भीती, जाईल हळूहळू. कधी विचारलंच नाही. त्या दिवशी विचारलं.

त्या आठ-नऊ वर्षांच्या असताना पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, रोज एक. रोज आईबरोबर एस.टी.नं तालुक्याच्या दवाखान्यात जायचं. आईची मजुरी बुडाली, ह्यांची शाळा बुडाली. "पोट दगडावानी व्हायचं. शाळा सुटली ती सुटलीच," एवढंच म्हणाल्या आणि भांड्यांकडे वळल्या. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीपर्यंत बनत होती. आता दंडात घ्यायची लस आहे. चावल्याच्या दिवशी पहिली आणि मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. त्याआधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. बचत गटाच्या बायकांना हे मी कितीदा सांगितलंय! पण माझ्याच घरात भांडी घासणाऱ्या बाईच्या पोटात चौदा सुया गेल्या होत्या, हे मला नऊ वर्षं ठाऊक नव्हतं.

झेरॉक्स मी कपाटात ठेवून दिली आणि मुलाला म्हटलं, कप पुरे झाले, आता याला माणसांत वागायला शिकवायचं.

मुलानंच एक ट्रेनर शोधला. तो आपल्याकडे शिकणाऱ्या कुत्र्यांची एक परीक्षा घेतो. अमेरिकन केनेल क्लबनं १९८९ मध्ये 'कॅनाइन गुड सिटिझन' नावाची दहा प्रश्नांची परीक्षा सुरू केली, त्यावर ही बेतलेली आहे. प्रश्न अगदी साधे. अनोळखी माणूस येऊन मालकाशी हात मिळवून बोलला, तर गप्प राहणं. कुणी हात फिरवला, ब्रश केला, कान-पाय तपासले तर सहन करणं. पट्टा न ओढता चालणं, गर्दीतून चालणं. बसणं, आडवं होणं, सांगितल्या जागी थांबणं. हाक मारली की येणं. दुसरा कुत्रा दिसला, काही धाडकन पडलं, तरी न बिथरणं. आणि शेवटी, परक्या माणसाच्या हाती पट्टा देऊन मालक तीन मिनिटं दिसेनासा झाला तरी शांत राहणं. खाऊचं आमिष चालत नाही. दहापैकी दहा आले तरच पास.

आम्हाला वाटलं, कपवाला कुत्रा, हसत पास होईल. तर पहिल्याच दिवशी 'सिट' म्हटलं आणि बाजी पुतळ्यासारखा ताठ उभा राहिला! पुढचे पाय सरळ, मागचे ताणलेले, मान वर. ट्रेनर हसायला लागला. शोच्या रिंगणात जज जवळ आला की कुत्र्यानं उभंच राहायचं असतं, बसला की घोटाळा. म्हणून शोवाले बरेचदा 'बस' शिकवतच नाहीत. दिसणं शिकला होता, वागणं नाही. (आपल्याकडच्या काही स्थळांची आठवण झाली.)

त्यावरचा तोडगा छान होता. शोचा पट्टा बारीक, रेशमी. परीक्षेसाठी वेगळा, रुंद, कापडी घ्यायचा. हा पट्टा घातला की उभं राहायचं, तो घातला की बसायचं. कुत्र्याला हा फरक आठवड्याभरात कळतो, असं ट्रेनर म्हणाला. आमच्या बाजीला तीन लागले. शिवाय या जातीच्या मांड्या धावण्यासाठी घडलेल्या, गुळगुळीत फरशीवर बसणं त्याच्या जिवावर यायचं. सासूबाईंनी जुनी सतरंजी काढून दिली, तिच्यावर मात्र बसला. पाठीवर दाब देऊन बसवायचं नाही. पनीरचा तुकडा नाकावरून मागे न्यायचा, मान वर जाते, आपोआप बूड टेकतं, त्याच क्षणी तुकडा द्यायचा. दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं, जेवणाआधी. मग तुकडे हळूहळू कमी. (खाऊ म्हणून मनुका आणि कांदा मात्र कुत्र्याला कधीही देऊ नये, विषारी असतात.)

खरा गोंधळ भाषेचा झाला. मुलगा म्हणायचा 'सिट', हे म्हणायचे 'नीचे', मी म्हणायची 'बस'. एका कृतीला एकच शब्द हवा म्हणून घरात बैठक झाली आणि 'बस' ठरलं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना चहा ओतताना पाहुणे म्हणाले, "बस, बस!" बाजी टुणकन बसला. सासूबाई ताटावर हात आडवा धरून 'बस' म्हणाल्या की हा बसणार, शेजारीण 'बस चुकली' म्हणाली तरी बसणार! शेवटी सासूबाईंनीच शब्द दिला, 'बैस'. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं इतक्या अदबीनं 'बैस' म्हटलं, की कुत्राच काय, मीसुद्धा बसेन.

चालण्याचा सराव संध्याकाळी स्टेशन रोडवर. भाजीवाल्या, रिक्षा, साडेसहाच्या लोकलमधून उतरलेली माणसं. पट्टा ताणला गेला की जागच्या जागी थांबायचं, झाड व्हायचं. सैल झाला की चालायचं. स्टेशन ते नाका हे अंतर आम्हाला चाळीस मिनिटं लागायचं. ओळखीच्या बायका विचारायच्या, "काय हो, पाय दुखतोय का?" आवाजाचा सराव कुकरच्या शिट्टीवर आणि स्टीलचं ताट पाडून.

अडलं ते पहिल्याच प्रश्नावर. कारवानी कुत्रा परक्यांशी अलिप्त असतो, परक्याचा हात नको असतो त्याला. सरावासाठी अनोळखी माणूस आणायचा कुठून? बिल्डिंगमधल्या सगळ्यांना तो ओळखत होता. ज्यांना कधी धड जवळून पाहिलंच नव्हतं, अशा एकट्या मावशी.

मी विचारलं नाही, मला धीर झाला नाही. सराव रोज दारातच चालायचा आणि त्या बाहेर उभ्या राहून बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, "त्याला हात लावायचा नसतो ना? तुमचाच मिळवायचा ना?"

बाजीला मी 'बैस' म्हटलं. पट्टा मनगटाला दोन वेढे दिला. मावशी उंबऱ्यावर आल्या, पदर कमरेला खोचलेला, उजवा हात पुढे. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. नऊ वर्षांत आम्ही एकमेकींचा हात पहिल्यांदा धरला होता. त्यांचा तळवा ओला होता, साबणानं की घामानं, कोण जाणे. बाजीनं एकदा नाक उचलून वास घेतला आणि सासूबाईंकडे बघत बसला. "झालं?" मावशींनी विचारलं आणि हात सोडून तीन पावलं मागे गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. महिन्याभरात आम्ही त्याला कोंडणं बंद केलं. मावशी आल्या की तो सतरंजीवर जाऊन बसायचा. त्याला हात त्या आजही लावत नाहीत, आणि तसं सांगायचं मला काही कारण दिसत नाही.

परीक्षेच्या रविवारी नऊ प्रश्न सुटले. गर्दी, ताट, शेजारचा लॅब्रेडोर, सगळं. दहाव्याला पट्टा ट्रेनरच्या बाईंकडे देऊन मी भिंतीआड गेले. पहिलं मिनिट शांतता. मग जे रडगाणं सुरू झालं, ते तीन मिनिटं थांबलं नाही. चूक आमची. घरात सासूबाई कायम असतात, बाजी एकटा असा कधी राहिलाच नव्हता, आणि पहिल्या प्रश्नाच्या नादात शेवटच्याचा सराव आम्ही केलाच नाही. नापास.

सोमवारी मावशींनी आल्या आल्या निकाल विचारला. मी सांगितला. त्यांनी सतरंजीवरच्या बाजीकडे पाहिलं आणि चपला काढत म्हणाल्या, "एकाच विषयात गेला न्हवं? मग पुन्हा बसवा की त्याला. माझी धाकटी सतरा नंबरचा फॉर्म भरून झाली दहावी."