आठ चिपांची की सोळा?

मालवणच्या बाजारपेठेत कुणी जुना संगणक घेऊन ‘रॅम वाढवून द्या’ म्हणत दुरुस्तीच्या दुकानात शिरला, की जाणता कारागीर आधी भाव सांगत नाही. बोर्ड कुठला, ते विचारतो. गिऱ्हाइकाला हा वेळकाढूपणा वाटतो. माझे म्हणणे असे, की त्या सगळ्या व्यवहारात कौशल्याचे काम तेवढेच आहे आणि नेमके त्याचेच पैसे कुणी मोजत नाही. बिल होते ते रॅमच्या पट्टीचे. पट्टी स्लॉटात दाबून कडेचे खटके लावायला अर्धे मिनिट पुरते. ती त्या बोर्डावर चालेल का, हे ठरवण्यात अर्धी दुपार जाऊ शकते.

गैरसमजाचे मूळ पट्टीच्या खाचेत आहे. डेस्कटॉपच्या डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्हींना २४० पिना, डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींना २८८. पण प्रत्येक पिढीची खाच थोडी सरकलेली, म्हणून भलत्या पिढीची पट्टी आत जातच नाही. यावरून लोक धरून चालतात, की आत गेली ती चालणार. मालवणीत सांगायचे तर, बसली म्हणान चलतली असा नाय. लॅपटॉपची साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते आणि डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर. खाच दोन्हींची एकच, पण इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनचे बरेच लॅपटॉप फक्त दुसरीच स्वीकारतात. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅम स्वस्तात मिळते, घरच्या बोर्डात ऐटीत बसते, आणि संगणक सुरूच होत नाही.

सगळ्यात फसवे प्रकरण जी४१ चिपसेटच्या बोर्डांचे. जुन्या कोअर टू ड्युओच्या जमान्यातले हे बोर्ड बिलिंगच्या टेबलाखाली अजून तग धरून असतात. डीडीआर३ची चार जीबीची पट्टी दोन तऱ्हांनी बनते : २५६ एमबीच्या १६ चिपा, किंवा ५१२ एमबीच्या ८. बेरीज एकच. पण जी४१मधला मेमरी नियंत्रक २५६ एमबीपेक्षा मोठी चिप ओळखत नाही. म्हणजे त्याला १६ चिपांचीच पट्टी हवी, आणि बाजारात नवी म्हणून मिळते ती बहुधा आठ चिपांची, कारण ती बनवायला स्वस्त. पिढी तीच, वेग तोच, व्होल्टेज तेच, तरी स्क्रीन काळी. लेबलावर ‘टू आर एक्स एट’ लिहिले असेल तर १६, ‘वन आर एक्स एट’ असेल तर आठ. लेबल निघून गेले असेल तर पट्टी उलटसुलट करून चिपा मोजायच्या. पुढे इंटेलने हा नियंत्रक प्रोसेसरमध्येच नेला, त्यामुळे नंतरच्या संगणकांत बोर्डाबरोबर प्रोसेसरही पाहावा लागतो.

हे कुठल्याही गावी खरे आहे. किनाऱ्यावर त्यात खाऱ्या हवेची भर पडते. पट्टीच्या पिनांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून ओलसर खारी हवा खालच्या धातूपर्यंत पोचते आणि पिना काळवंडतात, हिरवट पडतात. पंचाईत अशी, की गंजलेली पिन आणि न जुळणारी पट्टी यांचे लक्षण एकच : काळी स्क्रीन आणि बीप. म्हणून आधी खोडरबर फिरतो, मग स्लॉटातली धूळ उडते, मग एकेका स्लॉटात एकेक पट्टी, मग चालतेच अशी खात्री असलेली दुकानातली पट्टी. एवढे झाल्याशिवाय ‘रॅम जुळत नाही’ हे विधानच करता येत नाही. खोडरबराने मुलामा झिजतो, आयसोप्रोपिल अल्कोहोल बरे, हा जाणकारांचा आक्षेप योग्यच आहे. पण अगोदरच हिरवी पडलेली पिन नुसत्या अल्कोहोलने नेहमी साफ होते असे नाही.

कुणी म्हणेल, कंपन्या जुळणाऱ्या रॅमच्या याद्या देतात, त्या पाहिल्या की झाले. या याद्या बहुतेक बोर्ड बाजारात येतो त्या सुमाराच्या असतात. दहा-बारा वर्षांनी त्यांतली एकही पट्टी दुकानात नसते, आणि अनेक स्वस्त बोर्डांना यादीच नसते. दुसरे म्हणतील, घालून बघावी, नाही चालली तर बदलावी. हा सल्ला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ठीक, तिथे बदलायची पट्टी शेजारच्या गाळ्यात असते. इथे ती मागवावी लागते, आणि पावसाळ्यात घाटात दरड आली की कोल्हापूरची गाडीही अडते. शिवाय ‘चालली’ म्हणजे काय? विंडोज उघडली म्हणजे पट्टी निर्दोष असे नव्हे. मेमटेस्टसारखी चाचणी काही तास, शक्य तर रात्रभर चालू ठेवली तरच अधूनमधून होणारी चूक सापडते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो : असल्या जुन्या यंत्रात पैसे घालावेतच कशाला? विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि जी४१वाले यंत्र विंडोज ११च्या अटींत बसत नाही. त्यातच एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे २०२५च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव चढले. होमस्टेच्या नोंदी किंवा दुकानाची बिले एवढेच काम असेल, तर चार जीबी आणि लिनक्सवर ते यंत्र आणखी काही वर्षे चालेल. इतरांसाठी योग्य उत्तर ‘नको, यात रॅम घालू नका’ हेच असते. पण तासभर चिपा मोजून, पिना घासून हे उत्तर देणाऱ्या कारागिराला आजच्या रिवाजात एक रुपयाही मिळत नाही, कारण विक्री झालेली नसते. पट्टी खपवली तर मात्र पैसे मिळतात. तपासणीचे शंभर-दोनशे रुपये बिलात वेगळे लिहायला लागले तर गिऱ्हाईक कुरकुरेल हे खरे. पण मग ‘नको’ म्हणताना कारागिराला स्वतःचे नुकसान करून घ्यावे लागणार नाही.